नाव बॉनेटवर, ओळख चॅसीवर

बेंगळुरू शहराच्या पूर्वेस, जुन्या विमानतळाकडून वर्तूरकडे जाणारा रस्ता बाह्य वळण मार्गाला जेथे मिळतो, तेथे मारतहळ्ळी हे उपनगर वसले आहे. संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती, तयार कपड्यांची दुकाने आणि पुलाखालची अखंड वर्दळ ही त्याची आजची ओळख. कन्नड भाषेत ‘हळ्ळी’ म्हणजे खेडे. हे खेडे कोणाचे, याविषयी मात्र एकमत नाही. मराठी कानाला या नावात मराठे ऐकू येतात. तर शेजारच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये तयार झालेल्या आणि १७ जून १९६१ रोजी प्रथम उड्डाण केलेल्या ‘मारुत’ या लढाऊ विमानाशी काही जण त्याचा संबंध जोडतात. नाव डोळ्यांसमोर, उगम मात्र संदिग्ध. जुन्या मोटारगाड्यांच्या बाबतीत हीच अडचण वारंवार येते, आणि तेथे ती खिशाला चाट लावून जाते.

मारतहळ्ळीसारख्या उपनगरात उंच इमारतींच्या आड एखादे जुने घर अद्याप तग धरून आहे आणि त्याच्या आवारात, ताडपत्रीखाली, आजोबांच्या काळातील एक पिकअप ट्रक उभा आहे, अशी कल्पना करावी. टायर बसलेले, हौद्याच्या फळ्या कुजलेल्या, बॉनेटवर मात्र ‘डॉज’ ही अक्षरे शाबूत. म्हणून घरात ती गाडी ‘डॉज’. घरातील कर्ते गृहस्थ नुकतेच सेवानिवृत्त झाले आहेत. वडिलांची आठवण म्हणून ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणावी, त्यासाठी एखादी मुदत ठेव मोडावी लागली तरी चालेल, असे त्यांनी ठरविले आहे. गॅरेजवाला म्हणतो, “साहेब, थोडी रक्कम आगाऊ द्या, उद्यापासून खोलायला घेतो.” परदेशातून सुटे भाग मागविण्याची यादीही तयार आहे.

येथेच थांबणे श्रेयस्कर. बॉनेटवरील नाव म्हणजे गाडीची ओळख नव्हे. नाव, अंगावरचा पत्रा आणि आतील इंजिन या तिन्ही गोष्टी गेल्या साठ-सत्तर वर्षांत वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या असू शकतात. भारतात हे अधिकच खरे. आणि त्याची कारणे आपल्या मोटार उद्योगाच्या इतिहासात आहेत.

या इतिहासाचा एक धागा मारतहळ्ळीच्या शेजारूनच जातो. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात भारतीय मोटार कारखान्याचा आराखडा मांडला. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी तो उचलून धरला. म्हैसूर संस्थानात हा कारखाना काढण्याचाही विचार झाला. तथापि ब्रिटिश सरकार अनुकूल नव्हते. परिणामी बेंगळुरूत मोटारींच्या आधी विमानांचा कारखाना आला. डिसेंबर १९४० मध्ये वालचंद शेठनी म्हैसूर सरकारच्या सहभागाने हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली, तीच आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सची पूर्वज. मोटारींसाठी त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या आणि पहिला मान मिळाला तो डॉज ट्रकला. हा कारखाना बेंगळुरूला झाला असता, तर मारतहळ्ळीच्या आवारातील ट्रकचे माहेर बहुधा दोन-चार मैलांवरच निघाले असते.

प्रत्यक्षात त्या पिढीतील बहुसंख्य गाड्यांचे माहेर मुंबई. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून शेव्हरले गाड्या जोडत असे. महिंद्र कंपनीने १९४९ मध्ये माझगावला विलिस जीप जोडण्यास प्रारंभ केला. शिवडी, माझगाव आणि कुर्ला एवढ्या टापूत देशातील निम्मी मोटार-वंशावळ सामावली होती, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. पुढे टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या अहवालानंतर, देशात प्रत्यक्ष उत्पादन करू इच्छिणाऱ्या कंपन्यांनाच वाव राहिला आणि केवळ सुटे भाग आणून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्स व फोर्ड यांनी आपला गाशा गुंडाळला. त्यांच्या गाड्या मात्र येथेच राहिल्या, आणि मिळेल त्या सुट्या भागांवर पुढची कित्येक वर्षे चालत राहिल्या.

आता नावांचा गोंधळ. आपल्या निरनिराळ्या विक्रेत्यांना एकच माल वेगवेगळ्या नावांनी पुरविण्याची क्रायस्लरची रीत होती. तोच ट्रक कोठे डॉज, कोठे फार्गो, तर कोठे डीसोटो. प्रवासी गाड्यांतही प्लायमाउथ सॅव्हॉय, डॉज किंग्सवे आणि डीसोटो डिप्लोमॅट ही तीन नावे म्हणजे जवळजवळ एकाच गाडीची तीन बारशी. तेव्हा फार्गोवर डॉजची अक्षरे बसविणे हे पाच मिनिटांचे काम. चाळीस वर्षांपूर्वी एखाद्या रंगाऱ्याने ते केले असेल, तर आज घरातील कोणालाही त्याचा पत्ता असणार नाही.

नावाने इतके काय बिघडते? नावाने नाही, पण नावामागच्या इंजिनाने बिघडते. क्रायस्लरचे त्या काळातील सहा सिलिंडरचे इंजिन वरकरणी सारखेच दिसते. प्लग माथ्यावर उभे बसविलेले आणि हेड सपाट. परंतु अमेरिकेतील डॉज-प्लायमाउथच्या इंजिनाचे हेड सुमारे २३ इंच लांब, तर कॅनडात बनलेल्या इंजिनाचे सुमारे २५ इंच. फार्गो हे नाव कॅनडात विशेष चालत असे. आता ‘डॉज’ म्हणून अमेरिकेतून हेड गॅस्केट मागविले आणि बॉनेटखाली निघाले २५ इंची इंजिन, तर गॅस्केटची किंमत, विमानाचे भाडे आणि सीमाशुल्क हे सर्व पाण्यात. पिस्टन, क्रँकशाफ्ट यांची गत याहून महाग. बारा आण्यांच्या मोजपट्टीचे काम न केल्याने हजारोंचा फटका बसतो, तो असा.

म्हणून पहिले साधन मोजपट्टी. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर घ्यावे. १९४७ च्या उन्हाळ्यात बाजारात आलेल्या शेव्हरले ट्रकच्या मालिकेत अर्ध्या टनाच्या ३१०० या मॉडेलला हे अंतर ११६ इंच, पाऊण टनाच्या ३६०० ला सव्वाशे इंचांहून किंचित अधिक आणि एक टनाच्या ३८०० ला १३७ इंच. त्याच सुमाराच्या अर्ध्या टनाच्या डॉजला १०८ इंच, तर विलिसच्या पिकअपला ११८ इंच. मोजमाप कोणत्याच आकड्याशी जुळत नसेल, तर चॅसीखाली वाकून वेल्डिंगचा जोड शोधावा. जास्त माल मावावा म्हणून चॅसी कापून वाढविण्याचे उद्योग आपल्याकडे सर्रास झाले आहेत.

दुसरी खूण चाकांत दडलेली असते. शेव्हरलेच्या अर्ध्या टनाच्या ट्रकला चाकामागे सहा बोल्ट, डॉजला पाच. शिवाय क्रायस्लरच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. डावीकडचा नट नेहमीच्या रीतीने सुटत नाही म्हणून पान्याला लांब नळी लावून जोर करणारा मिस्त्री तो नट अधिकच आवळत असतो. अखेर बोल्ट तुटतो. उलट फिरवून नट सहज सुटला, तर बोल्टही वाचतो आणि गाडी कोणत्या घराण्यातील हेही कळते. विजेच्या जोडणीतही असाच फरक आहे. त्या काळी दोन्ही गाड्यांना सहा व्होल्टची बॅटरी असे, पण शेव्हरलेत बॅटरीचे ऋण टोक चॅसीला जोडलेले, तर डॉजमध्ये धन टोक. हे न पाहता आजच्या सवयीने बॅटरी जोडणे धोक्याचे.

त्यानंतर चेहरा. शेव्हरलेच्या दर्शनी जाळीत १९५३ पर्यंत पाच आडव्या पट्ट्या होत्या. १९५४ मध्ये तेथे जाडजूड चौकट आली आणि मध्ये दांडी असलेल्या दोन काचांच्या जागी समोर एकसंध काच आली. दारातील लहान तिकोनी खिडकी १९५१ पासूनची, दाबाच्या बटणाची मूठ १९५२ पासूनची. विलिसच्या पिकअपची जाळी आरंभी सपाट व केवळ उभ्या पट्ट्यांची होती. १९५० मध्ये ती पुढे टोक काढून आली आणि तिच्यावर पाच आडव्या पट्ट्या चढल्या. १९५४ मध्ये त्यांच्या तीन झाल्या. या खुणा वाचायला रंजक, परंतु त्यांवर एकट्या विसंबू नये. जाळी आणि दारे बदलता येतात. त्यातून आपल्याकडे कित्येक ट्रक केवळ चॅसी, इंजिन आणि पुढचा दर्शनी भाग एवढ्यावरच विकले जात. केबिन व हौदा स्थानिक सुतार-लोहार बांधीत. अशा गाडीची केबिन परदेशी पुस्तकांतील कोणत्याच चित्राशी जुळणार नाही. ती बनावट नव्हे. तिचा कारागीर वेगळा, एवढेच.

शेवटचा शब्द चॅसी क्रमांकाचा. तो चॅसीच्या पोलादावर ठोकलेला असतो. शिवाय दाराच्या खांबावर किंवा इंजिनाच्या कप्प्यात धातूची पट्टी असते. रॉकेल आणि पितळी ब्रशने गंज हलक्या हाताने काढावा, त्यावर कागद धरून पेन्सिल घासावी आणि ठसा उतरवून घ्यावा. ग्राइंडर किंवा वाळूचा मारा तेथे कटाक्षाने टाळावा. एकदा क्रमांक खरवडला गेला की गाडीचे जन्मपत्रच गेले. आणि तो आपल्या मनाने पुन्हा ठोकणे म्हणजे कायद्याच्या कचाट्यात सापडणे. इंजिन क्रमांक वेगळा नोंदवावा, पण त्याला दुय्यम समजावे. पेट्रोल महागले तेव्हा जुनी इंजिने काढून डिझेलची बसविण्याची लाटच आली होती.

वर्षाच्या बाबतीतही एक सावधगिरी. आरसी पुस्तकातील वर्ष हे नोंदणीचे वर्ष असते, निर्मितीचे असेलच असे नाही. दुसऱ्या महायुद्धात मारतहळ्ळीशेजारचा विमान कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या विमानांच्या दुरुस्तीचे केंद्र झाला होता. युद्ध संपल्यावर देशभरातील लष्करी शिलकी वाहने नागरिकांच्या हाती आली आणि तेव्हा त्यांची प्रथम नोंदणी झाली. १९४३ चा ट्रक कागदोपत्री १९४७ चा दिसतो, तो त्यामुळे.

या सर्व खटाटोपाला आज कायद्याचेही कारण आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि चॅसी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले वाहन त्यात बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये. नव्याने नोंद होणाऱ्या वाहनाच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधी नोंद असलेल्या वाहनाला आपला जुना क्रमांक जपता येतो. असे वाहन प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, व्यवसायासाठी नाही. मूळ इंजिन कोणते होते हेच ठाऊक नसेल, तर ‘मूळ स्वरूप’ सिद्ध कसे करणार? पिकअपची नोंद मालवाहू वाहन म्हणून असल्यास या नियमांखाली अर्ज चालेल काय, हे खर्चाला हात घालण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. विम्याचेही तसेच. बंद पडलेल्या मॉडेलचे विमामूल्य कंपनी व मालक यांच्यातील समझोत्याने ठरते, आणि समझोत्याच्या मेजावर मॉडेलचे नेमके नाव व छायाचित्रे असणे मालकाच्या फायद्याचे.

राहता राहिला बँकेचा भाग, आणि तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जुन्या आरसी पुस्तकात कर्ज देणाऱ्या बँकेच्या तारणाची नोंद असते. कर्ज केव्हाच फिटलेले असते, नोंद मात्र तशीच राहते. ती उतरविण्यासाठी बँकेचे पत्र आणि परिवहन खात्याचा ३५ क्रमांकाचा फॉर्म लागतो. दरम्यान बँकेचेच नाव बदललेले असू शकते. स्टेट बँक ऑफ मैसूर १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत, विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोद्यात, तर १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत विलीन झाली. वारस बँकेच्या शाखेत कागदपत्रांसह गेल्यास हे काम मार्गी लागते.

याच निमित्ताने घरातील जुनी पेटीही उघडावी. कर्जमंजुरीच्या पत्रात किंवा तारणाच्या करारात वाहनाची कंपनी, चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक टंकलिखित केलेले असतात, आणि तेही गाडी नवी असताना, रंगाऱ्याचा वा मिस्त्रीचा हात लागण्यापूर्वी. तो पिवळा पडलेला कागद आणि चॅसीवरून उतरविलेला पेन्सिलचा ठसा शेजारी ठेवून एकेक अंक ताडून पाहावा. अंक जुळले, की गॅरेजवाल्याला आगाऊ रक्कम देण्यास हरकत नाही.