आठवणीतला पडदा आणि सहाणेवरचे वळसे

महाड-पोलादपूर परिसरात चिकित्सा करणाऱ्या आम्हां वैद्यांना अलीकडे रुग्णांच्या तोंडून एक वाक्य वारंवार ऐकू येते : "आमची आजी हेच द्यायची." बोलणाऱ्याच्या हातात मात्र आजीची पुडी नसते, भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर असतो. त्याच मजकुराच्या मागे-पुढे दूरदर्शनच्या जुन्या मालिकांची शीर्षकगीते, कृष्णधवल चित्रपटांतील प्रसंग आणि बालपणीच्या जाहिराती आलेल्या असतात. जुने कार्यक्रम आणि जुनी औषधे आता एकाच गाठोड्यात बांधून येऊ लागली आहेत. या गाठोड्यातून काय हाती लागते आणि काय वाटेत गळून पडते, याचा विचार आपल्या व्यवसायबंधूंनी करावा, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या वेळी आपला जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात असे. रायगड हे नाव त्यास १९८१ साली मिळाले. सावित्री, काळ आणि गांधारी या नद्यांच्या खोऱ्यांत मुंबईच्या लहरी डोंगर ओलांडून येता येता क्षीण होत. उंच बांबूला बांधलेली अँटेना, ती फिरवण्यासाठी कौलांवर चढलेला घरातील तरुण, खालून होणारा "आले, आले... गेले!" असा पुकारा आणि पडद्यावर मुंग्यांचे वारूळ, हे दृश्य आमच्या पिढीतील कोणीही विसरलेले नाही. संच बहुधा मुंबईला नोकरीस असलेल्या चाकरमान्याने गणपतीत आणलेला असे. सरकत्या लाकडी दारांच्या पेटीत तो देवासारखा जपला जाई. 'चिमणराव', 'गजरा', 'छायागीत', 'आमची माती, आमची माणसं' ही नावे उच्चारताच आजही साठीच्या रुग्णाची नाडी किंचित उल्हसित होते, असे म्हटले तर वैद्यबंधू आम्हांस क्षमा करतील.

२५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत 'रामायण' मालिका रविवारी सकाळी प्रसारित होत असे. एका ओटीवर सारी वाडी जमे. लक्ष्मणास शक्ती लागल्याचा प्रसंग आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा होय. शत्रूच्या नगरीतून आणलेला सुषेण वैद्य शत्रूपक्षाच्या रुग्णावर निःशंकपणे उपचार सांगतो, हा वैद्यधर्माचा आदर्श त्या दिवशी घराघरांत पोहोचला. वाल्मीकींच्या युद्धकांडात मृतसंजीवनी, विशल्यकरणी, सावर्ण्यकरणी आणि संधानकरणी अशा चार औषधींचा उल्लेख आहे. पडद्यावर व लोकांच्या स्मरणात त्यांतील एकच उरली. हनुमंतास वनस्पतीची ओळख पटली नाही, म्हणून त्याने पर्वतच उचलून आणला व ओळखण्याचे काम वैद्यावर सोपवले. आजचा माणूस ओळख पटली नसतानाही वेल तोडतो आणि थेट उकळत ठेवतो. या दोन कृतींतील अंतरावरच आम्हांस येथे बोट ठेवावयाचे आहे.

ओटीवर मालिका चालू असताना माजघरात सहाण फिरत असे. बाळगुटीत वेखंड, हिरडा, जायफळ, मायफळ, मुरुडशेंग, ज्येष्ठमध, अतिविष, हळकुंड अशी द्रव्ये असत आणि प्रत्येकाची मात्रा वळशांनी ठरे. सौम्य द्रव्याचे वळसे अधिक, तीक्ष्ण द्रव्याचा जेमतेम एक. बाळ वाढले की वळसा वाढे. पोट बिघडले की एखादे द्रव्य वगळले जाई. पावसाळा लागला की वेखंडाकडे अधिक लक्ष जाई. तराजू नाही, ग्रंथ नाही, तरीही वय, बल, ऋतू आणि अग्नी या चारही गोष्टींचा विचार त्या एका वर्तुळाकार हालचालीत सामावलेला होता. आज पहिले सहा महिने केवळ स्तनपान द्यावे, असे सांगितले जाते आणि आम्हीही तसेच सांगतो. तेव्हा गुटी द्यावी की न द्यावी, हा येथे प्रश्न नाही. गुटी देणाऱ्या हाताला मात्रा ठाऊक होती, हा मुद्दा आहे. आजीची आठवण काढणाऱ्यांस सहाण आठवते, तिचा गंध आठवतो. वळसे किती, हे विचारले की बहुतेक जण गप्प होतात.

जाहिरातींचेही असेच. दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती दिसू लागल्या. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली स्थापिलेल्या विकोची गीते तर चित्रपटगृहांत आणि दूरदर्शनवर अशी काही रुजली, की शाळकरी मुलांनाही वनस्पतींची नावे तालासुरात पाठ झाली. १९८४ साली आलेल्या 'ये जो है जिंदगी' या मालिकेचे प्रायोजकही तेच. त्यांचे हळदीचे मलम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदीय औषध, या प्रश्नावर अबकारी खात्याशी अनेक वर्षे न्यायालयीन वाद चालला, हे आपल्या वाचकांस ठाऊक असेलच. आपल्याच जिल्ह्यातील पनवेल येथे १८७२ साली सुरू झालेल्या धूतपापेश्वर कारखान्याची औषधे घरोघरी होती. तथापि त्यांची नावे आठवण्यास गीत लागत नसे, ती वैद्याच्या चिठ्ठीवर येत. गीताने हळदीचा मान वाढवला, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. मात्र कोणत्या त्वचेस, किती काळ आणि कोणत्या द्रव्यासह, हे गीतात बसत नाही. आणि स्मरणात तर गीतच राहते.

या साऱ्याचा कळस २०२० च्या वसंतात झाला. २५ मार्चला देशभर टाळेबंदी सुरू झाली, २८ मार्चपासून दूरदर्शनने 'रामायण' आणि 'महाभारत' पुन्हा दाखवण्यास प्रारंभ केला, आणि त्याच आठवड्यात केंद्रीय आयुष मंत्रालयाने रोगप्रतिकारशक्तीविषयी सूचना प्रसिद्ध केल्या. मुंबईहून मिळेल त्या मार्गाने, कित्येक जण पायी, महाड-पोलादपूरच्या वाड्यांत परतले. एकाच छपराखाली तीन पिढ्या पुन्हा एकत्र बसल्या, तीच मालिका पाहू लागल्या आणि चुलीवर काढा उकळू लागला. भय मोठे होते. त्या भयात जुन्या गोष्टींचा आधार वाटणे स्वाभाविकच होते. त्याची थट्टा करण्याचा अधिकार कोणासही नाही.

परंतु मंत्रालयाच्या सूचनेत मात्रा होती. पुढे एप्रिलमध्ये जाहीर झालेल्या आयुष क्वाथाचे प्रमाण तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २ आणि काळी मिरी १ असे होते. त्याचे ३ ग्रॅम चूर्ण १५० मिलिलिटर उकळलेल्या पाण्यात, दिवसातून एकदा वा दोनदा. वाडीवाडीत पोहोचेपर्यंत आकडे गळाले आणि द्रव्ये वाढली. मिरी मुठीने, लवंग, ओवा, लसूण, वर गुळवेलीचे कांड. सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि झोपताना पुन्हा एकदा. तेही चैत्र-वैशाखात, कोकणच्या उकाड्यात! ग्रीष्मऋतुचर्येत कटु, अम्ल, लवण रस टाळावेत आणि मधुर, शीत, द्रव आहार घ्यावा, हा तर आपला पहिला पाठ. त्या ऋतूत येथील आजी कोकमाचे सरबत, कैरीचे पन्हे, भिजवलेला सब्जा देत असे; सुंठ-मिरी ती आषाढासाठी राखून ठेवी. तोंड येणे, आम्लपित्त, मूत्रदाह, अर्शाचा रक्तस्राव अशा तक्रारी घेऊन त्या उन्हाळ्यात आलेल्या रुग्णांपैकी कित्येकांचे अर्धे औषध 'काढा थांबवा' एवढेच होते.

गुळवेलीचा प्रश्न याहून गंभीर. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवनाशी संबंध असलेल्या यकृतदाहाच्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने वनस्पतीची नेमकी ओळख पटवली नसल्याचा आक्षेप घेतला. तिच्याच जातकुळीतील दुसरी वेल वापरली गेली असण्याची शक्यता दर्शवली. पुढे २०२२ साली देशातील अनेक केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास पुढे आला. आमच्या मते यावर घाईने बचावाचा पवित्रा घेणे आपल्या शास्त्रास शोभणारे नाही. वेल कोणती, कांड किती जाड, ताजे की सुके, किती दिवस, आधी यकृताचा वा स्वप्रतिकारक विकार होता काय, हे प्रश्न आपणच सर्वप्रथम विचारावयास हवे होते. योग्य योजनेने विषही औषध होते आणि अयोग्य योजनेने औषधही विष होते, हे चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. ते सांगण्यासाठी आपणांस यकृततज्ज्ञांची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

मधाचेही तसेच. जब्बार पटेल यांचा १९७७ सालचा 'जैत रे जैत' हा चित्रपट आमच्या पिढीच्या विशेष जिव्हाळ्याचा. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरील ही ठाकरांच्या भगतपणाची, डोंगराची आणि मधमाश्यांच्या पोळ्यांची कथा. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेले, की महाबळेश्वरचा मधाचा मुलूख लागतो. तेथील मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून घोषित झाले. तेव्हा शुद्ध मध आपल्या दाराशी आहे. पण तो उकळत्या काढ्यात ओतण्याची रीत कोठून आली, हे कळत नाही. उष्ण मध व मधासह उष्णोपचार शास्त्राने निषिद्ध मानला आहे. वमनाचा अपवादही सकारण आहे. एक वर्षाखालील बालकास मध चाटवू नये, हा आजच्या बालरोगतज्ज्ञांचा इशाराही तितकाच पाळण्याजोगा, कारण त्यातील विशिष्ट जिवाणूंचे बीजाणू तान्ह्या आतड्यास झेपत नाहीत.

चित्रपटांनी काही गोष्टी तर सरळ चुकीच्या शिकवल्या. १९५४ चा 'नागिन' असो वा १९८६ चा 'नगीना', गारुडी, पुंगी आणि मंत्र यांची मोहिनी पडद्यावर फार. दंशाची जागा चिरून तोंडाने विष ओढणारा नायक पाहून टाळ्या पडत. त्याचे अनुकरण करून, वर घट्ट दोरी आवळून आणलेले रुग्ण कोकणातील डॉक्टरांनी पिढ्यानपिढ्या पाहिले आहेत. याबाबत महाडचे उदाहरण जगासमोर आहे. १९७० च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तांबड्या विंचवाच्या दंशाने होणाऱ्या मृत्यूंचा अभ्यास येथेच केला, प्राझोसिन हे औषध वापरून पाहिले आणि १९८६ साली 'लॅन्सेट' नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. पूर्वी गंभीर दंशात शेकडा ३० ते ४० रुग्ण दगावत. ते प्रमाण शेकडा १ च्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचू उतरवण्याच्या मंत्राची आठवण गोड असेल. आमच्या तालुक्यात लेकरे वाचली ती या औषधाने. सर्प वा विंचू चावलेल्यास लेप लावत बसू नये, तत्काळ रुग्णालयात न्यावे, हे सांगण्यात वैद्याचा कोणताही कमीपणा नाही. पुरानंतरच्या तापासही हाच न्याय. चिखलात वावरल्यावर आलेला ताप लेप्टोचा असू शकतो. त्यास तुळशीच्या रसावर चार दिवस काढणे म्हणजे मूत्रपिंडांशी जुगार.

पुराचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्याखाली गेले आणि तळीये गावावर डोंगर आला. माणसे गेली, त्या दुःखापुढे इतर हानी बोलू नये. तरीही चिखल उपसताना घराघरांतून जे बाहेर पडले, त्यांत जुने दूरचित्रवाणी संच होते, ट्रंका होत्या आणि ज्यांची अक्षरे पुसली गेली अशा वह्याही होत्या. मालिका परत पाहता येतात. त्या कोठेतरी जतन केलेल्या आहेत. ज्या वृद्धेच्या हातात वळसा होता, तिचे ज्ञान मात्र कोठेही मुद्रित नाही.

म्हणून आमची विनंती अशी, की आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या सत्तरीपुढील प्रत्येक स्त्रीशी दहा मिनिटे अधिक बोलावे. जुन्या मालिकेचा विषय काढावा. बोलणे आपोआप सुरू होते, हा अनुभव आहे. मग हळूच विचारावे : भारंगीची भाजी पावसात कोणाला वाढत आणि कोणाला वर्ज्य? टाकळा कोणत्या नक्षत्रापर्यंत खुडत? पांढऱ्या कुड्याची साल अतिसारात किती, आणि लहान मुलास किती? निरगुडीचा शेक कोणत्या दुखण्यास देत नसत? स्थानिक नाव, वनस्पतीचा नमुना, अंग, मात्रा, अनुपान, ऋतू आणि 'कोणास देऊ नये' हे सारे त्याच दिवशी लिहून ठेवावे. शेवटचा रकाना रिकामा राहिल्यास नोंद अपुरी समजावी.

मात्रा ग्रॅममध्ये मिळणार नाही. उत्तर 'बोटभर', 'चिमूटभर', 'गुंजभर', 'ओंजळभर' असेच येईल. गुंज १२५ मिलिग्रॅम धरता येते. बोटभर सालीसाठी त्या बाईंच्याच हाताने साल तोडवून घ्यावी आणि आपल्या तराजूवर तोलावी. वळशांसाठी तर सहाणच पुढे करावी लागेल. बहुतेक घरांत ती अजून आहे, बव्हंशी न्हाणीघरापाशी, कपडे धुण्याच्या दगडाशेजारी.