घोरपडीचं पिल्लू शांत बसलंय? ते माणसाळलेलं नाही, आजारी आहे!



गेल्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा मधल्या सुट्टीत बुटाचं खोकं घेऊन आला. आत घोरपडीचं वीतभर पिल्लू. शेतात सापडलेलं, आठ दिवस घरी कोंबड्यांच्या डालग्याखाली ठेवलेलं, दूध-चपाती खायला घातलेलं. मुलगा म्हणाला, "बाई, आधी लई फुसफुसायचं. आता माणसाळलंय, हातात घेतलं तरी गप बसतंय." थोड्या वेळाने हळूच विचारलं, "पण डोळं उघडत नाही. मरंल का हो?"

सरपटणारे प्राणी आपण दरवर्षी शिकवतो, पण मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. नंतर वनरक्षक आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून जे समजलं, ते आज तुमच्यासाठी.

आजार कसा ओळखाल?

निरोगी पिल्लू माणूस दिसला की पळतं. पळता आलं नाही तर अंग फुगवतं, फुसफुसतं, शेपटीचा फटका मारतं. दुभंगलेली जीभ सारखी आत-बाहेर करून वास घेत राहतं. हे सगळं थांबलं, की समजा काहीतरी बिघडलं आहे. शिवाय ही लक्षणं पाहा :

१) डोळे खोल गेलेले, कातडी सैल व सुरकुतलेली : शरीरातलं पाणी कमी झालं आहे.
२) तोंड उघडं ठेवून श्वास, नाका-तोंडाशी बुडबुडे किंवा चिकट लाळ : फुप्फुसाचा संसर्ग असू शकतो.
३) पाय थरथरणं, वाकणं, जबडा मऊ लागणं : कॅल्शियमची कमतरता.
४) बोटांना किंवा शेपटीला जुनी कात घट्ट अडकलेली : रक्तपुरवठा थांबून बोट झडू शकतं.
५) कातडीच्या घडीत गोचीड, अंगावर जखमा, शेपटीच्या मुळाशी हाडं दिसणं.

असं का होतं?

घोरपड आपल्यासारखी शरीरात पुरेशी उष्णता तयार करत नाही. ती उन्हात अंग शेकते, तेव्हाच तिचं पचन नीट चालतं. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे 'ड' जीवनसत्त्व तयार होतं आणि त्यामुळे कॅल्शियम हाडांत मुरतं. पिल्लाचं खाणं म्हणजे नाकतोडे, भुंगेरे, किडे. डालग्याखाली ना ऊन, ना किडे! म्हणजे पिल्लाला आजार आपल्या 'सांभाळण्या'तूनच झाला होता. काही देशांत घोरपडीच्या काही जाती पाळायला परवानगी आहे. तिथेही उष्णतेचे आणि अतिनील किरणांचे खास दिवे लावावे लागतात, तरीही चुका होतातच.

लगेच काय करावं?

• हवेसाठी भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापड घालून पिल्लू ठेवा. खोकं शांत, उबदार जागी असावं, भर उन्हात नको.
• गारठा असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवा. नको वाटलं तर पिल्लाला दुसरीकडे सरकता आलं पाहिजे.
• दूध, चपाती, भात काहीही देऊ नका. अंग गार असताना पोटातलं अन्न पचत नाही, कुजतं.
• तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं.
• माणसांची औषधं, हळद, तेल यांचे प्रयोग नकोत.
• हाताळल्यावर साबणाने हात धुवा. सरपटणाऱ्या प्राण्यांमुळे साल्मोनेला जंतूंचा संसर्ग होऊ शकतो.
• वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. उपचार डॉक्टरांनीच करायचे असतात.

कायदा काय सांगतो?

आपल्याकडची घोरपड वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडणं, पाळणं, विकणं, मारणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. याच भीतीने घरचे लोक गप्प बसतात आणि पिल्लू मरतं. माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांनाही हीच धास्ती होती. म्हणून मुलांना आधीच सांगून ठेवा : निरोगी पिल्लू दिसलं तर हातही लावायचा नाही, आहे तिथेच राहू द्यायचं. जखमी किंवा आजारी दिसलं तर मोठ्यांना सांगून त्याच दिवशी फोन करायचा.

आम्ही फोन केला. वनरक्षक आले, मुलाला रागावले नाहीत, पिल्लू घेऊन गेले. काही आठवड्यांनी निरोप आला, पिल्लू बरं झालं, माळावर सोडलं. मी वर्गात सांगितलं तेव्हा तो मुलगा म्हणाला, "बाई, जाताना फुसफुसलं का?" मी विचारून घेतलं. फुसफुसलं होतं.

वर्गासाठी उपक्रम : 'निरोगी घोरपड – आजारी घोरपड' असा तक्ता मुलांकडून करून घ्या आणि १९२६ हा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.