सौद्यात सोबत आलेला जॅक क्रिस्प

२०१४ च्या अखेरीस डेन बीम्स हा ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला मोठा मिडफिल्डर मेलबर्नचा कॉलिंगवूड क्लब सोडून ब्रिस्बेनला गेला. बदल्यात कॉलिंगवूडला ड्राफ्टमधल्या, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीतल्या, दोन निवडी मिळाल्या आणि सोबत जॅक क्रिस्प नावाचा तरुण खेळाडू. ब्रिस्बेनने त्याला रुकी, म्हणजे नवखा खेळाडू म्हणून घेतलं होतं, त्यामुळे चर्चा सगळी बीम्सचीच होती.

पुढची दहा वर्षं क्रिस्पने कॉलिंगवूडचा एकही सामना चुकवला नाही.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये हे किती अवघड आहे, ते खेळ पाहिल्यावरच कळतं. प्रत्येक संघाचे अठरा जण भल्यामोठ्या अंडाकृती मैदानावर चार सत्रं धावत असतात, अंगावर संरक्षक साहित्य जवळजवळ नसतंच आणि टॅकल कुठल्याही बाजूने येतो. स्नायू, गुडघा, खांदा यांपैकी काहीतरी दुखावतंच. आयर्लंडहून आलेल्या जिम स्टाइन्सचा सलग २४४ सामन्यांचा विक्रम म्हणूनच अढळ वाटायचा. जून २०२५ मध्ये क्रिस्पने तो मागे टाकला.

नुसती हजेरी मात्र नव्हे, खेळही चढता राहिला. आधी बचावफळीत हाफ-बॅक, मग मधल्या फळीत. २०२१ आणि २०२२ अशी सलग दोन वर्षं क्लबच्या सर्वोत्तम खेळाडूची कोपलँड ट्रॉफी त्याच्याकडे आली. तरीही २०२४ पर्यंत हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या ‘ऑल-ऑस्ट्रेलियन’ संघात त्याला एकदाही जागा मिळाली नाही, आणि हा त्याच्यावर सरळसरळ अन्याय आहे. कॉलिंगवूडचे चाहते त्याची किंमत ओळखून आहेत. २०२३ मध्ये लीगच्या अंतिम सामन्यात कॉलिंगवूडने ९०–८६ अशी बाजी मारली, तेव्हा विजेत्यांत क्रिस्प होता. समोर त्याचा जुना क्लब ब्रिस्बेन होता.