रक्तातील जैवसूचक आणि हृदयविकारानंतरचे भवितव्य

हृदयविकाराच्या झटक्यातून रुग्ण वाचला, तरी त्याच्यापुढील धोका संपलेला नसतो. काही रुग्ण महिनाभरात दैनंदिन जीवनास लागतात, काहींना पुन्हा झटका येतो, तर काहींचे हृदय हळूहळू दुर्बल होत जाते. कोणत्या रुग्णाला अधिक धोका आहे, हे आधी कळल्यास उपचारांचा अग्रक्रम ठरविता येतो. यासाठी रक्तातील जैवसूचकांचा उपयोग होतो. रोगाची उपस्थिती किंवा तीव्रता दर्शविणारा, मोजता येण्याजोगा शरीरातील घटक म्हणजे जैवसूचक होय.

विकासाचे टप्पे

हृदयाला रक्तपुरवठा करणारी धमनी गुठळीमुळे बंद झाली की प्राणवायूअभावी स्नायूपेशी मरू लागतात आणि त्यांच्यातील प्रथिने रक्तात मिसळतात. झटक्यानंतर रक्तातील एका विकराचे प्रमाण वाढते, हे 1954 मध्ये प्रथम निदर्शनास आले. मात्र हे विकर यकृतातही असल्याने निदानात संदिग्धता राहत असे. पुढे ‘सीके-एमबी’ या विकराची चाचणी रूढ झाली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस ट्रोपोनिनची चाचणी विकसित झाली आणि 2000 मध्ये युरोपीय व अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी हृदयविकाराच्या व्याख्येत तिला मध्यवर्ती स्थान दिले.

प्रमुख जैवसूचक

ट्रोपोनिन हे स्नायूंच्या आकुंचनाचे नियमन करणारे प्रथिन आहे. त्याचे ‘आय’ आणि ‘टी’ हे हृदयातील प्रकार सांगाड्याच्या स्नायूंतील प्रकारांहून वेगळे असतात. अमेरिकेत 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ट्रोपोनिन-आयचे प्रमाण दर मिलिलिटरला 0.4 नॅनोग्रॅमपेक्षा कमी असलेल्या रुग्णांपैकी 42 दिवसांत 1 टक्का दगावले. त्याहून अधिक प्रमाण असलेल्यांत हेच प्रमाण 3.7 टक्के होते.

दुसरा सूचक ‘बीएनपी’ हा आहे. 1988 मध्ये जपानी संशोधकांना तो डुकराच्या मेंदूत आढळला. परंतु हृदयाच्या जवनिकांवर ताण आला असता तो तेथूनच मोठ्या प्रमाणात स्रवतो. 2001 मधील 2525 रुग्णांच्या अभ्यासात बीएनपीची पातळी जितकी अधिक, तितका मृत्यूचा व हृदय निकामी होण्याचा धोका अधिक आढळला. थोडक्यात, ट्रोपोनिन किती स्नायू मेला ते सांगते, तर बीएनपी उरलेल्या हृदयावर किती भार आहे ते सांगते. यकृतात तयार होणारे सी-रिॲक्टिव्ह प्रथिन दाहाची, तर क्रिएटिनिन मूत्रपिंडाच्या कार्याची स्थिती दर्शविते.

एकट्या चाचणीवरून अंदाज बांधणे मात्र योग्य नव्हे. मूत्रपिंडाच्या विकारात ट्रोपोनिन व बीएनपी दोन्ही वाढू शकतात; स्थूल व्यक्तींत बीएनपी कमी आढळते. म्हणूनच ‘ग्रेस’ या गुणांकन पद्धतीत वय, नाडीचे ठोके, रक्तदाब, हृदयालेखातील बदल इत्यादी आठ बाबी एकत्रित विचारात घेतल्या जातात. त्यांपैकी क्रिएटिनिन आणि हृदयाचे जैवसूचक या दोन रक्तातून मिळतात.

जबलपूरच्या संदर्भात

मध्य प्रदेशातील जबलपूर येथे 1955 मध्ये स्थापन झालेले, सध्या नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाणारे वैद्यकीय महाविद्यालय आहे. आदिवासीबहुल मंडला जिल्ह्याचे मुख्यालय येथून सुमारे शंभर किलोमीटरवर, तर दिंडोरी त्याहूनही दूर आहे. अशा भूप्रदेशात कोणत्या रुग्णाला तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवावे, हा जीवनमरणाचा निर्णय असतो. लहान रुग्णालयातही होऊ शकणारी ट्रोपोनिनची पट्टी-चाचणी या निर्णयास साहाय्यक ठरते. तथापि, तिला मर्यादा आहेत. झटक्यानंतर पारंपरिक चाचणीत ट्रोपोनिन दिसू लागण्यास तीन ते सहा तास लागतात. त्यामुळे पहिली चाचणी निर्दोष आली तरी ती पुन्हा करावी लागते. तसेच हृदयालेखात धमनी पूर्ण बंद झाल्याची चिन्हे दिसत असतील, तर रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता गुठळी विरघळविणारे औषध देणे किंवा धमनी खुली करणे आवश्यक असते.

भाकित आणि उपचार

भारतातील 50 शहरांतील 20,468 रुग्णांची नोंद घेणाऱ्या ‘क्रिएट’ या अभ्यासाचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात 30 दिवसांतील मृत्यूचे प्रमाण श्रीमंत रुग्णांत 5.5 टक्के, तर गरिबांत 8.2 टक्के आढळले. मिळालेल्या उपचारांतील फरक हिशेबात घेतल्यावर ही तफावत उरली नाही. याचा अर्थ असा की, गरिबांचे मृत्यू अधिक होण्यामागे त्यांच्या प्रकृतीपेक्षा उपचारांची उणीव कारणीभूत होती.

केंद्र शासनाने 2010 मध्ये कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांच्या नियंत्रणासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. 2023 पासून तो असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून ओळखला जातो. जैवसूचक धोक्याची पूर्वसूचना देतात. परंतु तो टाळण्यासाठी हृदयालेख, औषधे, रुग्णवाहिका आणि प्रशिक्षित मनुष्यबळ जिल्हा व तालुका पातळीवर उपलब्ध असावे लागते. पूर्वसूचना आणि उपचार यांतील अंतर कमी होईल, तेव्हाच या विज्ञानाचा लाभ दुर्गम गावातील रुग्णापर्यंत पोहोचेल.