विश्लेषण : ध्यानाला बसायचे, तर बौद्ध व्हावे लागते का?

विपश्यना शिबिरांत सर्व धर्मांचे लोक जातात, निरीश्वरवादीही जातात. ‘ही साधना आहे, संप्रदाय नव्हे’, असे त्यांना सांगितले जाते. पण तिथे त्रिशरण, पंचशील आणि पुनर्जन्माचे उल्लेखही येतात. मग साधना कुठे संपते आणि श्रद्धा कुठे सुरू होते?

मूळ ग्रंथ काय सांगतात?

ध्यानाच्या सूचनांचा मुख्य आधार म्हणजे पाली त्रिपिटकातील सतिपट्ठान सुत्त. श्वासापासून सुरुवात करून शरीर, वेदना, चित्त आणि धम्म यांचे निरीक्षण करायला ते शिकवते. त्यासाठी ईश्वर मानण्याची अट नाही. मात्र ताण घालवणे हे या सुत्ताचे उद्दिष्ट नाही, ते आहे निर्वाण. पाचव्या शतकातील बुद्धघोषांचा ‘विसुद्धिमग्ग’ही आधी शील, मग समाधी आणि शेवटी प्रज्ञा असाच क्रम लावतो.

धर्म बाजूला कोणी काढला?

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताण कमी करण्याचा कार्यक्रम सुरू केला. तो पुढे आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम म्हणून रुळला. बौद्ध ध्यानपद्धतींचा आधार घेतला, पण धार्मिक परिभाषा वगळली. आजच्या ‘माइंडफुलनेस’ अ‍ॅपचे मूळ बहुतांशी इथे आहे. एकेकाळी भिक्खू असलेले स्टीफन बॅचलर यांनी १९९७च्या ‘बुद्धिझम विदाउट बिलीफ्स’ या पुस्तकात पुनर्जन्मावर विश्वास न ठेवताही धम्म आचरता येतो, अशी मांडणी केली.

इगतपुरीची वाट कोणती?

मधली. म्यानमारमध्ये सयाजी उ बा खिन यांच्याकडे शिकलेले सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रातून त्यांची दहा दिवसांची शिबिरे जगभर पोहोचली. शिबिरार्थी सुरुवातीला त्रिशरण आणि पंचशील घेतात. हे शरण जाणे व्यक्तीला नव्हे, बुद्धाच्या गुणांना, असा गोएंका यांचा खुलासा. पूर्वजन्मीच्या संस्कारांचा विषय प्रवचनांत येतो. तो पटत नसेल तर खिरीतली वेलची बाजूला काढावी तसा काढा, पण खीर टाकू नका, अशा आशयाची गोष्ट ते सांगत.

आक्षेप कोणते?

आक्षेप दोन्ही बाजूंनी येतात. शीलाशिवाय ध्यान म्हणजे केवळ कार्यक्षमता वाढवण्याची युक्ती, असे परंपरावादी म्हणतात. महाराष्ट्रात आंबेडकरी विचारांतून वेगळा प्रश्न येतो. डॉ. आंबेडकरांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथात धम्म हा माणसामाणसांतील व्यवहाराचा, म्हणजे सामाजिक आहे. आत्म्याच्या पुनर्जन्माची कल्पना त्यांनी नाकारली. दुःखाचे कारण फक्त स्वतःच्या मनात शोधले, तर जात आणि शोषण नजरेआड होणार नाही का, असे अनेक कार्यकर्ते विचारतात.

साधकाने काय तपासावे?

मार्गदर्शनात श्रद्धा असणे गैर नाही. ती न सांगता देणे गैर. म्हणून नाव नोंदवण्याआधी विचारावे : कोणती वचने घ्यावी लागतील? प्रवचनांत कोणत्या धारणा येतील? त्या नाकारून साधना करता येईल का? मानसिक आजार असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि अर्जात ती माहिती लपवू नये. ध्यान उपचारांची जागा घेत नाही. या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली, तर श्रद्धाळू आणि नास्तिक दोघांनाही एकाच सभागृहात डोळे मिटून बसता येते.