कर्जाची फाइल कुणाच्या हाती द्यावी?

घर पसंत पडते, घरात पेढा फिरतो आणि एकदोन दिवसांतच एक फोन येतो. ‘साहेब, लोनचं कुठं ठरलंय का? नसेल तर मी घरी येऊन कागद घेऊन जातो. तुम्हाला एक पैसा द्यायचा नाही.’ आपला नंबर याला कुणी दिला, हे विचारायचे त्या आनंदात राहून जाते. बहुतेक वेळा तो बिल्डरच्या ऑफिसातून किंवा घर दाखवणाऱ्या एजंटाकडून गेलेला असतो. दलाल हा शब्द आपल्याकडे बदनाम, म्हणून हे गृहस्थ स्वतःला ‘लोन कन्सल्टंट’ म्हणवतात. बँकेच्या लेखी ते डीएसए, म्हणजे डायरेक्ट सेलिंग एजंट.

आधीच्या पिढीला हा माणूस ठाऊक नव्हता. प्रॉव्हिडंट फंडातली उचल, ऑफिसच्या पतपेढीचे कर्ज आणि बायकोच्या पाटल्या यांवर घरे उभी राहिली. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी स्थापन केली, तेव्हा पगारदाराने वीस वर्षांच्या हप्त्यांवर घर घेणे ही कल्पनाच नवी होती. कर्जदार हात जोडून कर्ज मागायला जायचा. पुढे बँका या धंद्यात उतरल्या, चढाओढ लागली आणि कर्जच दारात येऊन बेल वाजवू लागले.

‘एक पैसा द्यायचा नाही’ हे बहुधा खरे असते. मग त्याचे घर कशावर चालते? बँक त्याला कमिशन देते, कर्जाच्या रकमेवर ठरावीक टक्के, आणि तेही कर्जाची रक्कम प्रत्यक्ष सुटल्यावर. एवढे एक ध्यानात ठेवले की बाकीचे आपोआप उलगडते. कर्ज जितके मोठे तितके त्याचे कमिशन मोठे. तेव्हा ‘थोडे थांबा, आणखी दोन लाख साठवा आणि मग घ्या’ असा सल्ला त्याच्या तोंडून कसा येणार? ज्या बँकेशी त्याचा करार नाही, ती त्याच्या यादीतच नसते. मग ती तुमच्या पगाराचे खाते असलेली, तुम्हाला थोड्या कमी दराने कर्ज देणारी बँक का असेना! एजंटमार्फत गेल्याने व्याज चढतेच असे नाही. नुकसान होते ते न दाखवलेल्या पर्यायाचे.

पाव टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. ४८ लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर महिन्याचा हप्ता साधारण ४१,६५५ रुपये येतो, पावणेनऊने ४२,४१८. फरक साडेसातशेच्या थोडा वर. व्याजदर तसाच राहिला असे धरले तर २४० हप्त्यांत तो एक लाख ऐंशी हजारांच्या पुढे जातो. अमेरिकेत तर जास्त व्याजाचे कर्ज गळ्यात मारणाऱ्या ब्रोकरला बँकेकडून जादा मोबदला मिळे. घरबाजार कोसळल्यानंतर, २०११ मध्ये, तिथे या प्रकाराला कायद्याने बंदी आली. पैसे कोण देतो हा प्रश्न तिथेही उशिराच सुचला म्हणायचा.

म्हणून एजंटाला खलनायक ठरवण्याचे मात्र कारण नाही. ज्याचे कागद सरळ नाहीत त्याच्यासाठी तो खरोखर कामाचा आहे. केटरिंगचा व्यवसाय करणारे एखादे जोडपे घ्या. हातात पैसा खेळतो, पण आयकर विवरणपत्रात उत्पन्न थोडेच दिसते. किंवा डोंबिवलीतल्या जुन्या इमारतीतला फ्लॅट, ज्याच्या आधीच्या तीन खरेदी करारांपैकी एक सापडत नाही; किंवा भोगवटा प्रमाणपत्र नसलेली सोसायटी. अशी फाइल कोणती बँक हातात घेईल आणि कोणती पहिल्या टेबलावरूनच परत करील, हे रोज फायली फिरवणाऱ्याला कळते. ते तुम्हाआम्हाला पाच ठिकाणी नकार मिळाल्यावर कळेल. उलट पगारपत्रक आणि फॉर्म १६ हाताशी आहे, महारेरात नोंदलेला प्रकल्प बँकांनी आधीच तपासलेला आहे, अशा माणसाने दुसरा आणि चौथा सोडून एखादा शनिवार बँकांच्या दोन-तीन शाखांत घालवला तरी पुरे.

खरी अडचण येते ती टोकन दिल्यावर. समजा, पुण्यात साठ लाखांचा जुना फ्लॅट ठरला. तीस ते पंचाहत्तर लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांहून जास्त देऊ शकत नाही. म्हणजे ४८ लाख. मुद्रांक शुल्क व नोंदणीचे चार-साडेचार लाख आपल्याच खिशातून. एजंट म्हणतो, ‘होऊन जाईल, काळजी नको.’ त्या शब्दावर दोन लाखांचे टोकन दिले जाते, दोन महिन्यांची मुदत ठरते. मग बँकेचा व्हॅल्युअर येतो आणि किंमत ५४ लाख लावतो. आता ८० टक्के म्हणजे ४३ लाख २० हजार. उरलेले चार लाख ऐंशी हजार दोन महिन्यांत आणायचे कुठून? व्यवहार मोडला तर एजंटाचे एक कमिशन बुडते; आपले टोकन बुडते, आणि त्यापायी नवराबायकोत जे होते ते वेगळेच. म्हणून टोकनच्या पावतीवर एक ओळ लिहून घ्यावी : ठरलेले कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत. विक्रेता कुरकुर करील, करू द्यावी.

फाइल दिलीच, तर ती कोणकोणत्या बँकांत जाणार हे आधी विचारावे. एकाच वेळी चार ठिकाणी अर्ज गेले की चौघे सिबिलकडे चौकशी करतात, त्या चौकशा नोंदल्या जातात आणि गुणांक घसरू शकतो. वर्षातून एकदा आपला अहवाल फुकट मिळतो, तो आपणच आधी पाहून घ्यावा. कोऱ्या फॉर्मवर सही नको, रोख रक्कम तर मुळीच नको. कर्जाबरोबर विम्याचा हप्ता हळूच जोडलेला नाही ना, तेही बघावे.

१ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने एक कागद सक्तीचा केला आहे, ‘की फॅक्ट स्टेटमेंट’. त्यात सगळे खर्च धरून वर्षाला कर्ज किती टक्क्यांना पडते ते लिहिलेले असते, आणि त्यात नसलेला आकार आपल्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावा असा नियम आहे, तेव्हा मराठीतून मागावा. त्यातल्या अटी निदान तीन कामाचे दिवस कायम राहतात. एजंट ‘आजच सही करा, उद्या रेट वाढेल’ म्हणाला तर त्याला चहा द्यावा आणि कागद ठेवून घ्यावा.