आपलं, परकं आणि मेलॅनोमा



आजचा विषय आहे मेलॅनोमा हा कॅन्सर, त्यावरची इम्युनोथेरपी, आणि हे दोन्ही बरोबर घेऊन जगणं. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याने यात कशाला पडावं, असं काहींना वाटेल. कारणं दोन. एक, गेली दोन वर्षं आम्ही उभयता याच वाटेवर आहोत. निदान एकाचं, पण जगणं दोघांचं. दुसरं, या आजाराच्या मुळाशी आमच्या विषयातला जुनाच प्रश्न आहे: 'आपलं' कशाला म्हणायचं आणि 'परकं' कशाला?

आधी आजार समजून घेऊ. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी बेलगाम वाढू लागल्या की मेलॅनोमा होतो. गोऱ्या कातडीच्या लोकांत तो बहुधा उन्हाशी जोडलेला असतो. आपल्याकडे तो विरळ, आणि बऱ्याचदा ऊन न पोचणाऱ्या जागी निघतो: तळपाय, तळहात, नखाखाली. गायक बॉब मार्ली यांना १९७७ साली पायाच्या नखाखाली हाच निघाला. १९८१ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी ते गेले.

आता आपल्या अंबड-घनसावंगीच्या शिवारात टाचेवर काळा डाग दिसला, तर आपण काय म्हणतो? काटा मोडला असेल, कुरूप असेल. मग ब्लेडने तासतो. तसं करू नका. डाग वाढतोय, कडा वेडीवाकडी आहे, रंग एकसारखा नाही, किंवा नखावरची काळी रेघ रुंद होतेय, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. तुकडा तपासल्याशिवाय कुणाला तो डाग जाळू देऊ नका.

आता आपलं-परकं. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्यांनी तीन प्रकारचे ताप सांगितले आहेत. बाहेरच्या प्राण्यांपासून, वस्तूंपासून होतो तो आधिभौतिक. देहाच्या आतूनच उठतो तो आध्यात्मिक. रोगराई त्यांनी या आध्यात्मिकात घातली आहे, बरं का! आज आपण त्या शब्दाचा अर्थ वेगळा करतो. पण कॅन्सरला हे वर्गीकरण नेमकं लागू पडतं. जंतू बाहेरून येतो, कॅन्सरची पेशी मात्र आपलीच असते.

आणि तिथेच खरी अडचण आहे. शरीरात टी-पेशी नावाचे पहारेकरी असतात. परका दिसला की त्यांनी तुटून पडायचं. पण त्यांनी आपल्याच अवयवांवर चाल करू नये, म्हणून त्यांना ब्रेकही असतात. सीटीएलए-४ हा एक, पीडी-१ हा दुसरा. कॅन्सरची पेशी काय करते? हा ब्रेक दाबून धरते. पहारेकरी समोर असूनही थंड!

हे ब्रेक सोडवता येतात, हे जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांच्या संशोधनातून पुढे आलं. त्यांना २०१८चं नोबेल मिळालं. म्हणजे बघा, केमोथेरपी कॅन्सरच्या पेशीला मारायला जाते. इम्युनोथेरपीची ही औषधं तिला हातही लावत नाहीत, ती आपल्या पहारेकऱ्याला मोकळं करतात.

मोकळा पहारेकरी मग घरच्यांवरही हात उचलू शकतो. आतडं, थायरॉईड, यकृत, फुप्फुस, सांधे, कुठेही दाह होतो. इथे आपल्या सवयी आडव्या येतात. जुलाब लागले की आपण म्हणतो, खाण्यात काही आलं, आणि दुकानातून गोळी आणतो. या उपचारात असं चालत नाही. जुलाब, कोरडा खोकला, धाप, पुरळ, न संपणारा थकवा, हे त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवायचं. वेळेवर स्टिरॉइड दिलं तर बहुतेक वेळा दाह आटोक्यात येतो. औषध थांबल्यावर काही महिन्यांनीही हा त्रास उद्भवू शकतो. म्हणून खिशात एक चिठ्ठी ठेवा: अमुक औषध चालू आहे किंवा होतं. रात्री गावातल्या डॉक्टरांकडे जावं लागलं, तर तीच उपयोगी पडते.

गुण किती येतो? पूर्वी मेलॅनोमा शरीरात पसरला की निम्म्याहून अधिक रुग्ण वर्षभरही जगत नसत. २०२४ मध्ये एका मोठ्या चाचणीचे दहा वर्षांचे निकाल आले. ब्रेक सोडवणारी दोन औषधं एकत्र घेतलेल्यांपैकी ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनी हयात होते. मात्र तळपायाच्या मेलॅनोमात प्रतिसाद तुलनेने कमी मिळतो, हेही सांगितलं पाहिजे.

खर्च हा आपल्याकडे मोठाच प्रश्न. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तोंडा-गळ्याच्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब अगदी कमी मात्रेत, तीन आठवड्यांना २० मिलिग्रॅम, तोंडी औषधांच्या जोडीने देऊन पाहिलं. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. हा निष्कर्ष मेलॅनोमाला जसाच्या तसा लावता येत नाही. पण कमी खर्चाची वाट शोधता येते, एवढं त्याने दाखवलं. आपल्याला पहिली चौकशी करायला छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे.

राहिला जगण्याचा प्रश्न. ४३ टक्के हा आकडा शंभर जणांबद्दल बोलतो. त्या शंभरांत आपण कुठे, हे तो सांगत नाही. शिकवताना हे वाक्य आम्ही फळ्यावर लिहीत होतो, आता दर स्कॅनच्या आधी जेवणाच्या ताटावर बसून ऐकतो. त्यावर उत्तर सापडलेलं नाही, पण रीत बसवली आहे. रोजची लक्षणं वहीत दोन ओळींत लिहायची, आणि भीतीची चर्चा स्कॅनच्या आठवड्यातच करायची. बाकीचे दिवस दिवसांसारखे घालवायचे.

नातेवाईक फोनवर विचारतात, "आता पूर्ण बरं झालं ना?" मराठीत 'बरा झालो' आणि 'बरं आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं म्हणण्याचा अधिकार आज आमच्याकडे नाही. दुसरं मात्र खरं आहे, आणि आम्ही तेच सांगतो. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर त्यांच्याकडून पहिल्या वाक्याचा आग्रह धरू नका. दुसरं ऐकून घ्या, आणि पुढच्या तारखेला सोबत कोण जाणार, तेवढं विचारा.

आता प्रश्न घेऊ.